न दिसणारा नियम

अमेरिकेत ४ जुलै २००२ रोजी जॉन गिलमोर या प्रवाशानं ओकलंड विमानतळावर ओळखपत्र दाखवायला नकार दिला आणि नियम दाखवा म्हटलं. नियम गुप्त निघाला. २००६ मध्ये अपील न्यायालयानंही तो बंद दाराआड वाचला आणि निकाल दिला: विमानच हवं असा हक्क नाही, दुसऱ्या वाहनानं जाता येतं. एवढ्या अफाट देशात!

सुरक्षेचा प्रश्न रास्तच आहे. संशयितांच्या यादीशी नाव ताडून पाहता येतं, हेही खरं. पण यादीत नाव नसलेल्याला ती अडवत नाही, आणि शस्त्र सापडतं ते झडतीत. ओळखपत्रानं सामान्य माणसाच्या येण्याजाण्याची नोंद तेवढी राहते. जो नियम नागरिकाला वाचताच येत नाही, त्याला त्यानं आव्हान द्यायचं कसं? पाळायला लावता तो नियम आधी छापा, एवढी मागणी तरी प्रत्येक प्रवाशानं केलीच पाहिजे.