साबुदाणा घेतला की दाणे का सुचतात?

आषाढी एकादशीच्या आदल्या संध्याकाळी पनवेलच्या बाजारात किराणा दुकानात साबुदाणा मागा. वजन करता करताच दुकानदार विचारतो, ‘दाणे? भगर?’ तूरडाळीचे नाव तो काढत नाही. उद्या घरात उपास आहे, हे त्याने ओळखलेले असते. मोबाइलवरच्या दुकानाला हीच ओळख आकडेमोड करून पटवावी लागते.

या आकडेमोडीतली एक गाजलेली पद्धत राकेश अग्रवाल आणि रामकृष्णन श्रीकांत या दोन भारतीय वंशाच्या संशोधकांनी १९९४ मध्ये अमेरिकेत, आयबीएमच्या संशोधन केंद्रात मांडली. अडचण होती संख्येची. हजार वस्तूंच्या दुकानात दोन-दोन वस्तूंच्या जोड्या होतात ४,९९,५००. तीन-तीनची त्रिकुटे तर १६ कोटींहून जास्त. सगळी मोजायची कशी? त्यांनी एक साधी गोष्ट वापरली. साबुदाणा आणि तूरडाळ ही जोडीच बिलांत क्वचित दिसत असेल, तर ती असलेले कोणतेही त्रिकूट त्याहून जास्त वेळा दिसणार नाही. मग ती सगळी न मोजताच बाजूला! या पद्धतीचे नाव ‘अप्रायोरी’.

पण नुसती मोजदाद फसवते. समजा, हजार बिलांपैकी ४० बिलांत साबुदाणा आहे. त्यातल्या २४ बिलांत साखर आहे, म्हणजे ६० टक्के. नाते घट्ट वाटते, पण एकूण बिलांतही साखर ६० टक्केच असेल तर साबुदाण्याने काहीच सांगितले नाही. दाणे मात्र एरवी १० टक्के बिलांत आणि साबुदाण्याबरोबर ७५ टक्के असतील, तर ते साडेसात पट झाले. सुचवायचे ते हे.

तरीही जोडी अपुरी पडते. दाण्यांबरोबर गूळ असेल तर बेत चिक्कीचा, भगर असेल तर उपासाचा. म्हणून आताची काही प्रारूपे अख्खी पिशवी एका वाक्यासारखी वाचतात. शेजारच्या शब्दांवरून शब्दाचा अर्थ लावावा, तशी शेजारच्या वस्तूंवरून वस्तू ओळखतात. (आमच्या घरी कुकर आल्यावर महिनाभर मला कुकरच दाखवणाऱ्या अ‍ॅपपर्यंत हे अजून पोहोचलेले दिसत नाही.)

पिशवी वाचता आली, की प्रकृतीही वाचता येते. अमेरिकेतील ‘टार्गेट’ या दुकानांच्या साखळीत बिनवासाचे लोशन, झिंक-मॅग्नेशियमच्या गोळ्या अशा सुमारे २५ वस्तूंच्या खरेदीवरून ग्राहक गरोदर असण्याची शक्यता काढली जात होती, हे २०१२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने उघड केले. रक्तातील साखर मोजायच्या पट्ट्या आणि शुगर-फ्री गोळ्या एकत्र मागवणाऱ्याबद्दल वेगळे काय घडणार?

एका गिऱ्हाइकाचा उपास दुकानदार दुसऱ्याच दिवशी विसरतो. ऑनलाइन मागणीची मात्र नोंद राहते. आपल्याकडे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा मंजूर झाला. त्याचा मुख्य भर ग्राहकाच्या संमतीवर आहे. पण आजारपणाच्या माहितीसाठी वेगळा, अधिक कडक वर्ग त्यात नाही. साबुदाणा आणि साखरेच्या पट्ट्या, दोन्हींना नियम एकच.