नखं लावण्याआधी काढण्याचा विचार

लग्नसराई जवळ आली की पार्लरमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'ताई, अ‍ॅक्रिलिक नको, त्यात केमिकल असतं. जेल करा, एकदम सेफ.' नेल एक्स्टेन्शनबद्दलचा हा सगळ्यात पक्का गैरसमज. दोन्ही एकाच रासायनिक कुटुंबातली आहेत. अ‍ॅक्रिलिकमध्ये ब्रश द्रवात बुडवून पावडरीचा गोळा उचलतात आणि तो नखावर पसरला की हवेतच घट्ट होतो. जेलला घट्ट व्हायला यूव्ही लॅम्प लागतो. अ‍ॅक्रिलिकचा उग्र वास येतो, जेलचा फारसा येत नाही, पण वासावरून अपाय मोजता येत नाही.

उलट अ‍ॅलर्जीचा प्रश्न जेलमध्ये चांगलाच गंभीर आहे. अनेक जेलमध्ये 'हेमा' नावाचा घटक असतो. कच्चं जेल कातडीला लागत राहिलं, तर नखांभोवती खाज, लाली, फोड येऊ शकतात. ही अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते, आणि याच कुटुंबातली द्रव्यं दातांच्या फिलिंगमध्येही वापरतात. युरोपियन युनियनने हेमा असलेली नखांची उत्पादनं फक्त व्यावसायिकांनी वापरावीत असा नियम केला, तो यामुळेच. म्हणून ऑनलाइन किट मागवून घरी स्वतःच जेल लावणं मला अजिबात पटत नाही.

अ‍ॅक्रिलिकमध्ये खरा धोका आहे तो 'एमएमए' या स्वस्त द्रवाचा. अमेरिकेच्या एफडीएने 1970च्या दशकातच निव्वळ एमएमए असलेल्या उत्पादनांवर कोर्टात कारवाई केली होती. ते इतकं कडक होतं की दारात बोट अडकलं तर कृत्रिम नख तुटत नाही, तुमचंच नख मुळापासून उचकटतं. चांगल्या अ‍ॅक्रिलिकमध्ये 'ईएमए' असतं. दर संशयास्पद कमी असेल, तर बाटलीवरचं लेबल दाखवायला सांगा.

'एक्स्टेन्शनने नखं पातळ होतात' हे अर्धसत्य आहे. नखं बहुतेकदा पातळ होतात ती मशीनने जास्त घासल्यामुळे आणि लावलेलं ओढून काढल्यामुळे. अ‍ॅक्रिलिक आणि सॉफ्ट जेल काढायची रीत अशी: वरचा थर हलका घासायचा, अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून फॉइल गुंडाळायचं, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं आणि मऊ झालेला थर लाकडी काडीने अलगद सरकवायचा. निघत नसेल तर पुन्हा भिजवायचं. हार्ड जेल मात्र अ‍ॅसिटोनने विरघळत नाही, ते घासूनच काढावं लागतं. त्यासाठी हात सराईत हवा.

अधूनमधून नखांना 'श्वास' घेऊ द्यावा, असंही सांगतात. नखाचा दिसणारा भाग निर्जीव केराटिनचा असतो, आणि वाढणाऱ्या मुळाला प्राणवायू मिळतो रक्तातून. खराब झालेला भाग वाढून पुढे जायला मात्र वेळ द्यावाच लागतो. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, पूर्ण नवं यायला सहा महिने लागतात.

मग निवड कशी करायची? हळद आणि लग्न एवढ्यापुरतंच हवं असेल, तर चिकटपट्टीचे प्रेस-ऑन पुरतात. रोज कणीक मळणारीने, भांडी घासणारीने आखूड सॉफ्ट जेल घ्यावं. लांब आणि मजबूत हवी असतील तर अ‍ॅक्रिलिक किंवा हार्ड जेल, पण दोन-तीन आठवड्यांनी रिफिल आलंच. रुग्णसेवेतल्या कर्मचाऱ्यांनी कृत्रिम नखं लावूच नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे.

कडा सुटली तर ती घरच्या गोंदाने चिकटवू नका. आत पाणी अडकून सूडोमोनास जिवाणू वाढतात आणि नख हिरवट पडतं. असा रंग दिसला किंवा बोटं खाजू लागली, तर एक्स्टेन्शन नीट काढून घ्या आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. त्यावर नवा थर चढवून घेऊ नका.