भोर-वेल्ह्यात फ्लॅट घेताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

भोर तालुका पुण्यापासून किती लांब आहे, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कात्रजचा नवा बोगदा ओलांडून सातारा रस्त्याने उतरले की शिंदेवाडी लागते आणि भोर तालुका तिथूनच सुरू होतो. भोर शहर मात्र पुण्यापासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे; कापूरहोळला महामार्ग सोडून आत नीरेच्या काठी जावे लागते. त्यामुळे तालुक्याचे नाव ऐकून शिंदेवाडीजवळच्या वेळू गावातला फ्लॅट ‘फार लांब’ म्हणून नाकारणे चूक आहे आणि ‘पुण्याला लागून’ या शब्दांवर भोर शहराजवळचा फ्लॅट घेणेही तितकेच चूक. वेल्ह्याची गोष्ट आणखी वेगळी. या तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. वेल्हे गावाला जायला नसरापूरजवळच्या चेलाडी फाट्यावरून आत वळावे लागते किंवा पानशेतच्या बाजूने पाबे घाट चढावा लागतो. अंतर मोजायचे ते इमारतीच्या फाटकापासून, आणि तेही सोमवारी सकाळी. रविवारी दुपारी जागा पाहून आलेल्याला नवले पुलाजवळची रोजची कोंडी दिसलेली नसते.

‘मेट्रो येतेय, रिंगरोड येतोय’ हे दोन आधार विक्रेते हमखास देतात. स्वारगेट ते कात्रज या सुमारे साडेपाच किलोमीटरच्या भुयारी मार्गाला केंद्राने २०२४ मध्ये मंजुरी दिली. पण तो कात्रजला संपतो आणि कात्रज घाट त्याच्या पलीकडे राहतो. रिंगरोडचा पश्चिम भाग मावळातील उर्से ते भोर तालुक्यातील वरवे असा आखलेला आहे. मात्र हा प्रवेश-नियंत्रित रस्ता आहे. तो इमारतीसमोरून गेला तरी त्यावर चढता येते ते ठरलेल्या ठिकाणीच. रेल्वे तर दोन्ही तालुक्यांतून जात नाही. पुणे-मिरज लोहमार्ग पूर्वेला पुरंदरातून जातो. रोजचा आधार बसचा आणि स्वतःच्या गाडीचा, म्हणून शेवटची बस किती वाजता सुटते आणि घर खेड-शिवापूर टोलनाक्याच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे आधी विचारावे.

शाळा, बाजार आणि दवाखाना यांच्या बाबतीत भोर शहर तालुक्यातील इतर गावांपेक्षा बरेच पुढे आहे. तिथे नगरपरिषद, उपजिल्हा रुग्णालय, महाविद्यालय आणि एसटीचे आगार आहे. महामार्गालगतच्या वसाहतींतील रहिवासी मोठ्या उपचारांसाठी पुण्याकडेच जातात.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज पाण्याचा आहे. ‘चारी बाजूंनी धरणे, इथे पाण्याला काय कमी?’ असे सहज म्हटले जाते. भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी, पानशेत आणि वरसगाव ही धरणे याच दोन तालुक्यांत आहेत, हे खरे. पण त्यांचे पाणी कोणाचे, हे फार पूर्वी ठरले आहे. वेळवंडी नदीवरचे भाटघर १९२८ मध्ये पूर्ण झाले. त्याची क्षमता सुमारे २३ टीएमसी आहे आणि ते पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणच्या शेतीकडे जाते. पानशेत-वरसगावचे पाणी खडकवासल्यातून पुणे शहराला मिळते. ज्या गावांनी या धरणांसाठी जमिनी दिल्या, त्यांच्यातील कित्येक वाड्या-वस्त्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो, ही या भागाची दुखरी वस्तुस्थिती आहे. बोअरची हमीही कच्ची असते. इथला खडक काळा बेसाल्ट आहे, पाणी त्याच्या भेगांतच साठते आणि पावसाळ्यात तुडुंब असलेली बोअर एप्रिलमध्ये कोरडी पडू शकते. खिडकीतून दिसणारा जलाशय नळाला येत नाही. सोसायटीला मंजूर नळजोड आहे का आणि मे महिन्यात टँकरवर किती खर्च होतो, हे तिथे राहणाऱ्यांकडूनच समजते.

कागदपत्रांत ‘ग्रामपंचायतीची नोंद आहे, म्हणजे बांधकाम कायदेशीर’ ही समजूत खोलवर रुजली आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही करआकारणीची नोंद आहे. घरपट्टी भरल्याने परवानगी मिळत नाही. दोन्ही तालुक्यांचा काही भाग २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) हद्दीत येतो आणि त्या गावांत मंजूर नकाशा या प्राधिकरणाचाच हवा. सातबारा हाही महसुली अभिलेख आहे. मालकीची साखळी जुळते का, हे पाहायला फेरफार, नोंदणीकृत दस्त आणि वकिलाचा शोध अहवाल लागतो.

महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक ही सरकारची हमी नव्हे. कायद्याने त्यातून मिळते ते एवढे : ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवणे, नोंदणीकृत करारापूर्वी १० टक्क्यांहून जास्त रक्कम न घेणे, चटई क्षेत्रावर विक्री आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षे बांधकामातील दोषांची जबाबदारी. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर नोंदणीची सक्तीच नसते, आणि गावठाणालगतच्या बऱ्याच लहान इमारती अशाच असतात. तिथे मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र दोन्ही हातात घेऊन पाहावीत. प्रमाणपत्र ‘लवकरच मिळेल’ असे उत्तर आले, तर ते मिळेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नये आणि ही अट करारातच लिहून घ्यावी.