मोठ्यांचा शब्द आणि एक मोठी संख्या

४,२९,४९,६७,२९७. चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव! वाचतानाच धाप लागावी अशी ही संख्या. पण तिचा जन्म साधा आहे. २ चा वर्ग ४, ४ चा १६, १६ चा २५६, २५६ चा ६५,५३६ आणि त्याचाही वर्ग केला की ४,२९,४९,६७,२९६. आता २ सोडून प्रत्येकात १ मिळवा. ५, १७, २५७, ६५,५३७ आणि शेवटी आपली ही संख्या मिळेल. २ मध्ये १ मिळवून येणारा ३ हा या घराण्याचा मूळ पुरुष.

यांतील पहिल्या पाचही संख्या मूळ संख्या आहेत. म्हणजे १ आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही त्यांना निःशेष भाग जात नाही. फ्रान्समधील पिअर द फर्मा हा पेशाने कायद्याचा माणूस, पण गणितात त्याचा दरारा मोठा. या रीतीने येणारी प्रत्येक संख्या मूळच असणार, असे त्याने १६४० मध्ये एका पत्रात लिहिले. सिद्धता मात्र त्याच्यापाशी नव्हती.

मग तपासायचे कसे? सरळ भाग देत बसलो, तर साडेसहा हजारांहून अधिक मूळ संख्या वापरून पाहाव्या लागतील. येथे लिओनार्ड ऑयलरची युक्ती कामी येते. आपल्या संख्येला एखाद्या मूळ संख्येने भाग जात असेल, तर त्या मूळ संख्येला ६४ ने भागल्यावर बाकी १ उरलीच पाहिजे, हे त्याने सिद्ध केले. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पहिल्या चारांनी भाग जात नाही. पाचव्या खेपेस ६४१ ने निःशेष भाग जातो आणि उत्तर येते ६७,००,४१७! फर्माचे अनुमान खोटे असल्याचे ऑयलरने १७३२ मध्ये दाखवून दिले.

याने फर्माचे मोठेपण उणावले नाही. १७९६ मध्ये अवघ्या १८ वर्षांच्या गाउसने केवळ पट्टी व कंपास घेऊन १७ बाजूंची सुसम आकृती काढता येते हे सिद्ध केले. त्याचे मर्म १७ ही फर्माची मूळ संख्या असण्यातच होते. ६५,५३७ च्या पुढे अशी मूळ संख्या मात्र आजवर कोणालाच सापडलेली नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. ‘शिकलेला माणूस सांगतो म्हणजे खरेच असणार’ हे ऐकतच आम्ही वाढलो. त्या आदराची मला लाज वाटत नाही. परंतु पाच उदाहरणे जुळली म्हणून नियम सिद्ध होत नाही आणि सहावे फसले, तर सांगणाऱ्याचे नाव त्याला वाचवू शकत नाही. इतिहासाच्या वा अर्थशास्त्राच्या नोट्स पाठ करताना, मित्रहो, एवढे ध्यानात ठेवावे. वर्गात उठून ‘सर, हे कशावरून?’ असे विचारणे हा उद्धटपणा नव्हे.

आणि माझ्याही शब्दावर विसंबू नका. वहीच्या मागच्या पानावर ६७,००,४१७ ला ६४१ ने गुणून पाहा.