इसबगोल, व्यायाम आणि भुकेचं गणित

व्यायामाने भूक खवळते, म्हणून वजन कमी करायला त्याचा उपयोग नाही, आणि इसबगोल हे फक्त बद्धकोष्ठतेचं औषध, हे दोन समज घरोघरी पक्के बसले आहेत. पहिल्याची परीक्षा १९५६ सालीच झाली होती. पोषणतज्ज्ञ ज्याँ मायर आणि सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधल्या ताग गिरणीतल्या २१३ पुरुषांचा आहार, वजन आणि काम यांची सांगड तपासली. अंगमेहनत करणारे जास्त खात होते, पण तेवढं खर्चही करत होते. सर्वांत बैठं काम करणारे मात्र हलकं काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होते आणि वजनानेही भारी होते. कारकून आणि हमाल यांची मिळकत सारखी नसते, त्यामुळे अशा पाहणीवरून कारण ठरवता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण पुढे स्थूल व्यक्तींकडून बारा आठवडे देखरेखीखाली व्यायाम करून घेतला, तेव्हाही उपाशीपोटीची भूक थोडी वाढली, आणि त्याचबरोबर जेवणाने पोट भरल्याची जाणीवही अधिक चांगली होऊ लागली. आपण यातला पहिला अर्धाच लक्षात ठेवतो.

इसबगोलाचं काम व्यायामाला पूरक आहे. पाण्यात त्याचा दाट गर होतो. अन्नात मिसळलेला हा गर आतड्यात साखरेचं शोषण संथ करतो आणि पित्ताम्लांना बाहेर नेतो. मग नवी पित्ताम्लं बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. म्हणूनच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ साली इसबगोल आणि हृदयविकाराचा कमी धोका यांचा संबंध वेष्टनावर छापायला परवानगी दिली. गव्हाच्या कोंड्याला हे जमत नाही, कारण तो चिकट होत नाही. ‘चोथा म्हणजे चोथा, कुठलाही चालेल’ हा समज त्यामुळेच चुकीचा. इसबगोल साखर रक्तात हळू येऊ देतो, तर कामाला लागलेले स्नायू ती इन्सुलिनची फारशी वाट न पाहता उचलतात, आणि व्यायामानंतर इन्सुलिनला त्यांचा मिळणारा प्रतिसाद दिवस-दीड दिवस सुधारलेला राहतो. दोन वेगळ्या जागी काम करणारे हे उपाय म्हणून एकत्र वापरण्यासारखे आहेत.

दोन्ही मिळून परिणाम दुप्पट होतो, असा दावा मात्र कुणी करू नये. नुसत्या इसबगोलाने वजन फार उतरत नाही आणि तृप्तीचा अनुभवही सर्वांना सारखा येत नाही. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी यांतून तंतू आणि पोषण दोन्ही मिळतात, डब्यातल्या भुकटीतून फक्त तंतू. भुकटी हवीच असेल तर थोड्यापासून सुरुवात करावी आणि भरपूर पाण्यासोबत घ्यावी. कोरडी घेतल्यास ती घशात फुगून अडकू शकते. औषधं आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवावं. मधुमेहाची औषधं, विशेषतः इन्सुलिन, चालू असताना व्यायाम आणि इसबगोल एकदम सुरू केले तर साखर खूप उतरू शकते, तेव्हा आधी डॉक्टरांशी बोलून मात्रा ठरवून घ्यावी.