जिल्हा परिषदेची शाळा आणि धर्म : गैरसमज आणि वस्तुस्थिती

भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेजवळ नाकाडोंगरी हे गाव आहे. या पट्ट्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत पोवार, गोंड, बौद्ध अशा वेगवेगळ्या घरांतली लेकरं एकाच रांगेत परिपाठाला उभी राहतात. कुणाच्या घरी तुळशीला पाणी घालतात, कुणाच्या घरी पेन म्हणजे गोंडी देव पुजले जातात, तर कुणाच्या घरी त्रिसरण-पंचशील म्हटलं जातं. या सगळ्यांच्या शाळेत धर्माला किती जागा असावी, याबद्दल पारावर आणि मोबाइलवर ठाम मतं ऐकू येतात. मात्र त्यातली बरीच मतं राज्यघटना न वाचता बनलेली असतात.

गैरसमज 1 : घटनेने शाळेतून धर्माचं नावच काढून टाकलं.

वस्तुस्थिती : संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण दिलं जाणार नाही, एवढंच कलम 28(1) सांगतं. 7 डिसेंबर 1948 रोजी संविधान सभेत या तरतुदीवर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फरक स्पष्ट केला होता. अमुक श्रद्धा खरी माना असं शिकवणं हे धार्मिक शिक्षण. धर्माचा अभ्यास ही निराळी गोष्ट. सर्वोच्च न्यायालयानेही 2002 च्या अरुणा रॉय खटल्यात धर्मांविषयी माहिती देणाऱ्या अभ्यासक्रमाला हरकत घेतली नाही. त्यामुळे वारकरी संप्रदाय कसा वाढला, बुद्धाने काय सांगितलं, सुफी दर्गे कसे उभे राहिले, हे वर्गात जरूर शिकवावं. वारी केल्याने पुण्य लागतं की नाही, याचा निवाडा मात्र सरकारी पगारावरच्या शिक्षकाने करायचा नाही.

गैरसमज 2 : ‘कलम 30-अ’मुळे शाळेत गीता शिकवायला बंदी आहे आणि कुराण शिकवायला मोकळीक.

वस्तुस्थिती : असं कलम घटनेत नाहीच. कलम 30 मध्ये ‘1-अ’ हे पोटकलम आहे, पण ते अल्पसंख्याक संस्थेची मालमत्ता सरकारने सक्तीने संपादित केल्यास द्यायच्या मोबदल्याविषयी आहे. कलम 28 कोणत्याही धर्माचं नाव घेत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत गीता, कुराण, बायबल यांपैकी कशाचंही धार्मिक शिक्षण देता येत नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित खासगी शाळेत ते देता येतं, मग ती शाळा हिंदू संस्थेची असो वा ख्रिस्ती मिशनची. पण विद्यार्थी अल्पवयीन असेल तर पालकाच्या संमतीशिवाय त्याला त्यात बसवता येत नाही. हिंदूंवर अन्याय होतो ही तक्रार मनापासून केली जाते, म्हणूनच तिचं उत्तर कलम दाखवून द्यायला हवं.

गैरसमज 3 : गावात बहुतेकांची धार्मिक शिक्षणाला हरकत नसेल, तर अडचण काय?

वस्तुस्थिती : संविधान सभेतल्या त्याच भाषणात आंबेडकरांनी नेमकं हेच उदाहरण घेतलं होतं. बहुसंख्य मुलं हिंदू आहेत म्हणून जिल्हा मंडळाने आपल्या शाळेत त्यांच्या धर्माचं शिक्षण सुरू केलं, तर त्याचा खर्च त्या भागातल्या प्रत्येक करदात्यावर पडेल. आणि एखाद्या धर्मासाठी कर लादायचा नाही, हे तत्त्व घटनेने आधीच स्वीकारलं आहे. 1962 मध्ये महाराष्ट्रात अशा स्थानिक मंडळांची जागा जिल्हा परिषदांनी घेतली. युक्तिवाद आजही तसाच लागू पडतो. मूलभूत हक्क ग्रामसभेत हात वर करून ठरत नाही. नाशिकच्या एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेत हात जोडायला नकार दिला आणि त्याची वेतनवाढ अडली, तेव्हा 2013 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षकाच्या बाजूने निकाल दिला. परिपाठातल्या प्रार्थनेचा प्रश्न मात्र पूर्ण सुटलेला नाही. केंद्रीय विद्यालयांतल्या प्रार्थनेविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी 2019 मध्ये मोठ्या पीठाकडे पाठवण्याचा निर्णय दिला. त्यामुळे सगळ्या प्रार्थना बेकायदा आहेत असं म्हणणंही तितकंच चुकीचं ठरेल.

गैरसमज 4 : हा नियम श्रद्धावंतांच्या विरोधात आहे.

वस्तुस्थिती : केरळमधल्या तीन भावंडांनी आपल्या ख्रिस्ती पंथाच्या श्रद्धेमुळे राष्ट्रगीत म्हटलं नाही; राष्ट्रगीत चालू असताना ती आदराने उभी राहत. शाळेने त्यांना काढून टाकलं. 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. सरकारी शाळा मुलाच्या श्रद्धेत हात घालू शकत नाही, तेव्हाच श्रद्धावंत मूल तिथे निर्धास्त राहतं. धर्माशिवाय संस्कार कसे होणार, हा आक्षेप मी हलका मानत नाही. अनेक घरांत खरं बोलायला आणि वाटून खायला धर्मानेच शिकवलं आहे. ते काम घर, मंदिर, विहार, मशीद करत राहतीलच. शाळेला त्यासाठी वेगळी सामग्री आहे : रोजची प्रतिज्ञा, 2020 च्या प्रजासत्ताक दिनापासून महाराष्ट्रातल्या शाळांत म्हटली जाणारी घटनेची उद्देशिका, आणि एका ताटाशेजारी दुसरं ताट मांडणारा शालेय पोषण आहार. जात-धर्म न विचारता शेजारी बसायची सवय पंगतीत रोज लागते.

म्हणून शाळा व्यवस्थापन समितीत एखाद्या कार्यक्रमाचा विषय निघाला की पालकांनी दोन प्रश्न जरूर विचारावेत. यात मुलाला माहिती मिळते आहे की श्रद्धा ठेवायला सांगितलं जातं आहे? आणि एखादं मूल नको म्हणालं, तर त्याला न लाजता बाजूला राहता येईल का? या प्रश्नांची सरळ उत्तरं देता येणारी शाळाच रांगेतल्या प्रत्येक लेकराची शाळा आहे.