संकेतस्थळाच्या चाव्या कोणाकडे?

गावात तयार होणारा माल गावाबाहेर विकावयाचा, तर पूर्वी अडत्या, दलाल किंवा शहरातील दुकानदार यांच्यावाचून मार्ग नसे. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू झाली आणि पुढील काळात हे चित्र पालटत गेले. आज शेतकरी उत्पादक कंपन्या, सहकारी संस्था, महिला बचत गट आणि लहान उद्योजक स्वत:चे संकेतस्थळ, म्हणजेच वेबसाइट, उभारून थेट ग्राहकापर्यंत पोहोचू लागले आहेत. संकेतस्थळ तयार करून देणारा तंत्रज्ञ, ज्याला वेब डेव्हलपर म्हणतात, तो आता तालुक्याच्या ठिकाणीही मिळतो.

अशा तंत्रज्ञाची निवड करताना बहुधा दोनच प्रश्न विचारले जातात : खर्च किती आणि काम किती दिवसांत होईल? परंतु याहून महत्त्वाचा असा तिसरा प्रश्न आहे. उद्या हा तंत्रज्ञ काम सोडून गेला, तर संकेतस्थळ संस्थेच्या हाती राहील काय? गावातील संस्था सल्ल्यासाठी शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि विस्तार अधिकारी यांच्याकडेच येतात. त्यांना उपयोगी पडावी अशी काही माहिती येथे देत आहोत.

नाव, जागा आणि इमारत

संकेतस्थळाचे तीन घटक ध्यानी घेतले, तर पुढील सर्व गोष्टी सुलभ होतात. पहिला घटक म्हणजे डोमेन, अर्थात संकेतस्थळाचा पत्ता. याची तुलना सातबारा उताऱ्याशी करता येईल. नोंद ज्याच्या नावे, हक्क त्याचा. दुसरा घटक होस्टिंग. ज्या संगणकावर संकेतस्थळ ठेवले जाते, तेथील ही भाड्याची जागा होय. तिसरा घटक म्हणजे सोर्स कोड, मजकूर आणि छायाचित्रे यांनी मिळून उभी राहिलेली प्रत्यक्ष इमारत.

यांपैकी डोमेनबाबत सर्वाधिक दक्षता हवी. डोमेन कायमचे विकत मिळत नाही. त्याची नोंदणी ठरावीक मुदतीसाठी, एका वेळी कमाल १० वर्षांपर्यंत करता येते आणि मुदत संपण्यापूर्वी तिचे नूतनीकरण करावे लागते. भारताचे 'डॉट इन' हे डोमेन आणि २०१४ पासून उपलब्ध झालेले देवनागरीतील 'डॉट भारत' हे डोमेन यांची व्यवस्था निक्सी ही संस्था पाहते. प्रत्यक्ष नोंदणी अधिकृत निबंधक कंपन्यांमार्फत होते. पुष्कळदा तंत्रज्ञ सोयीसाठी स्वत:च्या खात्यातून आणि स्वत:च्या नावे नोंदणी करून टाकतो. त्यात त्याचा हेतू वाईट असतोच असे नाही, परंतु कागदोपत्री धारक तो ठरतो.

हापूस आंब्याचा व्यवसाय करणाऱ्या संस्थेचे उदाहरण घ्यावे. कोकणातील हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि अस्सल मालाची ओळख पटविणे उत्पादकांच्या हिताचे झाले. अशा संस्थेची विक्री प्रामुख्याने उन्हाळ्याच्या मोजक्या आठवड्यांत होते. ऐन एप्रिलमध्ये डोमेनची मुदत संपली, नूतनीकरणाची सूचना तंत्रज्ञाच्या ईमेलवर गेली आणि त्याचा संपर्क तुटलेला असला, तर भर हंगामात दुकानाला कुलूप लागल्यासारखे होईल. खोक्यांवर आणि पावत्यांवर छापलेला पत्ता निरुपयोगी ठरेल. पुढे तो पत्ता दुसऱ्याने घेतला, तर जोडलेला ग्राहक त्याच्या दारी जाईल.

म्हणून डोमेनची नोंदणी संस्थेच्या नावे करावी आणि तीसाठी संस्थेचा स्वतंत्र ईमेल वापरावा. तो चिटणिसांचा खाजगी ईमेल नसावा, कारण पदाधिकारी बदलत असतात. होस्टिंगचे खातेही संस्थेच्याच नावे असावे. तंत्रज्ञास कामापुरता प्रवेश द्यावा आणि काम संपताच पासवर्ड बदलावा.

कायदा काय सांगतो?

पैसे दिले म्हणजे वस्तू आपली झाली, हा व्यवहारातील समज सोर्स कोडला लागू पडत नाही. प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ अन्वये संगणक कार्यक्रमाची गणना साहित्यकृतीत होते. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्क, विरुद्ध करार नसल्यास, मालकाकडे जातो. परंतु बाहेरील तंत्रज्ञाकडून मोबदला देऊन करून घेतलेल्या कामाचा पहिला हक्कदार सामान्यत: तो तंत्रज्ञच असतो. हा हक्क संस्थेकडे येण्यासाठी लेखी व स्वाक्षरीत हस्तांतरण आवश्यक आहे. त्यात मुदत नमूद नसेल तर हस्तांतरण ५ वर्षांपुरते आणि क्षेत्र नमूद नसेल तर केवळ भारतापुरते मानले जाते. करारात ही दोन्ही कलमे स्पष्ट असावीत.

वर्डप्रेससारख्या मुक्त परवान्याच्या प्रणालीवर संकेतस्थळ उभारल्यास मूळ प्रणालीवर कोणालाच एकाधिकार सांगता येत नाही. मात्र तिची माहिती असलेले तंत्रज्ञ पुष्कळ असल्याने काम दुसऱ्याकडे सोपविणे सोपे जाते. याउलट, मासिक शुल्क घेऊन तयार दुकान पुरविणाऱ्या सेवेतून बाहेर पडताना सोर्स कोड सहसा मिळत नाही. तेथे मालाची यादी आणि ग्राहकांची नोंद बाहेर काढता येते काय, हे आधीच विचारून घ्यावे.

ऑनलाइन विक्रीबरोबर काही जबाबदाऱ्याही येतात. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार संस्थेचे कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील संकेतस्थळावर द्यावा लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि तिचे निवारण एक महिन्याच्या आत करणे बंधनकारक आहे. ग्राहकांची नावे, पत्ते व दूरध्वनी क्रमांक यांच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. काम तंत्रज्ञाकडे सोपविले म्हणून माहितीची जबाबदारी संस्थेवरून टळत नाही, हे या कायद्याचे सूत्र आहे.

पारख कशी करावी?

शाळाखोली किंवा पाणीयोजनेचे काम देताना आपण जी पद्धत पाळतो, तीच येथे पाळावी. प्रथम आपली गरज एका पानावर लिहून काढावी : संकेतस्थळ केवळ माहितीसाठी की विक्रीसाठी, भाषा कोणत्या, मालाचे प्रकार किती, भाव कोण बदलणार. ते पान देऊन किमान तीन दरपत्रके मागवावीत. प्रत्येकाची गरजेची कल्पना वेगळी असेल, तर दरांची तुलना व्यर्थ होय.

तंत्रज्ञाने पूर्वी केलेली कामे पाहावीत, पण नवी कोरी नव्हे, दोन-तीन वर्षे चालू असलेली. त्यांच्या मालकांना दूरध्वनी करून अडचणीच्या वेळी दाद मिळाली काय, हे विचारावे. ती संकेतस्थळे साध्या मोबाइलवर, गावातील नेहमीच्या जोडणीवर उघडून पाहावीत. शहरातील कार्यालयात झटपट उघडणारे पान गावात रेंगाळत असेल, तर तेवढ्या वेळात ग्राहक निघून जाईल.

मराठीची परीक्षा स्वतंत्रपणे घ्यावी. मजकूर युनिकोडमध्ये असला पाहिजे. जुन्या फाँटमधील मजकूर किंवा चित्र म्हणून टाकलेली अक्षरे शोधयंत्रांना नीट वाचता येत नाहीत आणि अंध वाचकांच्या वाचनयंत्रांनाही अडचणीची ठरतात. पानावरील एक वाक्य उचलून दुसरीकडे उतरवून पाहावे. अक्षरे शाबूत राहिली तर मजकूर बहुधा योग्य आहे.

खर्चाचा विचार करताना उभारणीचा खर्च आणि वार्षिक खर्च वेगवेगळे लिहून घ्यावेत. डोमेन, होस्टिंग आणि देखभाल यांची रक्कम दरवर्षी लागते. सुरक्षा प्रमाणपत्रासाठी मोठी रक्कम मागितल्यास कारण विचारावे, कारण लेट्स एन्क्रिप्ट या ना-नफा सेवेकडून असे प्रमाणपत्र विनामूल्य मिळते. देयके टप्प्याटप्प्याने द्यावीत. शेवटचा हप्ता सर्व खात्यांचे पासवर्ड, सोर्स कोड आणि संपूर्ण मजकुराची प्रत हाती आल्यावरच द्यावा. सदोष काम विनामूल्य दुरुस्त करून देण्याचा कालावधीही करारात असावा.

या सर्व दक्षतेचा अर्थ तंत्रज्ञावर अविश्वास दाखविणे असा नव्हे. चांगला तंत्रज्ञ अशा अटींचे स्वागतच करतो, कारण त्यामुळे त्याचेही देणेघेणे स्पष्ट होते. जो पहिल्याच भेटीत डोमेन संस्थेच्या नावे घेण्याचा सल्ला देतो, त्याचा दर थोडा अधिक असला तरी तो विचारात घेण्याजोगा आहे. ज्या संस्थांची संकेतस्थळे आधीच चालू आहेत, त्यांनी डोमेन कोणाच्या नावे आहे आणि त्याची मुदत केव्हा संपते, या दोन गोष्टी तपासून पुढील बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवून ठेवाव्यात.